भंगारातले विमान पुन्हा उडवावे का?

१७ डिसेंबर १९०३ हा दिवस तुम्हां सर्वांना पाठ असेल. त्या दिवशी अमेरिकेत किटी हॉकजवळच्या वाळूच्या मैदानावर राइट बंधूंनी इंजिनावर चालणारे आपले विमान चार वेळा उडवले. चौथे उड्डाण ५९ सेकंदांचे होते आणि त्यात विमानाने सुमारे २६० मीटर अंतर कापले. इथवरची हकीकत पाठ्यपुस्तकात असते. पुढची सहसा नसते. चौथ्या उड्डाणानंतर विमान जमिनीवर उभे असताना वाऱ्याचा एक जोराचा झोत आला, विमान कोलांट्या खात गेले आणि पार मोडले. ते पुन्हा कधीच उडाले नाही. मोडके भाग पेट्यांत भरून डेटन या गावी नेण्यात आले. १९१३ साली डेटनला महापूर आला, तेव्हा त्या पेट्या पाण्यात आणि चिखलात बुडाल्या. पुढे १९१६ मध्ये एका प्रदर्शनासाठी ते भाग बाहेर काढून दुरुस्त केले, जे वाया गेले होते ते नवे घातले आणि विमान पुन्हा उभे केले. आज ते वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे.

म्हणजे जगातले पहिले विमान हेच मुळी दोघा हौशी माणसांनी स्वतः बांधलेले, मोडलेले आणि भंगारातून पुन्हा उभे राहिलेले विमान आहे. मात्र एक गोष्ट विसरू नका. ते पाहण्यासाठी उभे केले गेले, उडवण्यासाठी नव्हे. संग्रहालयातल्या विमानाचा एखादा खिळा सैल असला तर कुणाचे काही बिघडत नाही. हवेतल्या विमानाचे तसे नसते.

या लेखाचा प्रश्न इथूनच सुरू होतो. एखाद्या हौशी माणसाने बांधलेले विमान वादळात, चुकलेल्या अवतरणात किंवा छप्पर कोसळून मोडले, आणि दुसऱ्या एखाद्याने ते भंगाराच्या भावात विकत घेऊन दुरुस्त केले, तर ते पुन्हा हवेत नेण्याची परवानगी त्याला द्यावी काय? काही जण म्हणतात, अजिबात नाही. काही म्हणतात, विमान त्याचे, जीव त्याचा, इतरांना काय करायचे आहे? माझे मत या दोहोंहून वेगळे आहे. परवानगी जरूर द्यावी. पण त्या विमानाला ‘दुरुस्त केलेले जुने विमान’ न समजता ‘कधीही न उडालेले नवे विमान’ समजून द्यावी. असे का, ते आता पाहू.

हौशी विमान म्हणजे काय?

जगात अनेक ठिकाणी सामान्य माणसे आपल्या गॅरेजमध्ये विमाने बांधतात. कुणी नकाशे विकत घेऊन लाकूड, नळ्या आणि पत्रे स्वतः कापतो, तर कुणी सुट्या भागांचा संच आणून जोडतो. अमेरिकेत यासाठी एक सोपी कसोटी आहे. विमानाचे अर्ध्याहून अधिक काम हौशी माणसांनी शिकण्यासाठी किंवा विरंगुळ्यासाठी स्वतः केलेले असले पाहिजे. ‘५१ टक्क्यांचा नियम’ असेच त्याला म्हणतात. अशा विमानाची ‘प्रायोगिक’ वर्गात नोंद होते, तसा शब्दच विमानावर रंगवावा लागतो आणि कारखान्यातल्या विमानासारखी याची तपासणी झालेली नाही अशी सूचना आत बसणाऱ्याला दिसेल अशी लावावी लागते.

आपल्याकडेही याचे उदाहरण आहे. अमोल यादव या वैमानिकाने मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागातील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि उड्डाण करून पाहण्याचा परवाना २०१९ मध्ये मिळाला. नोंदणी आणि परवाना या दोन गोष्टींत असे अंतर का असते, ते पुढे येईलच.

हा केवळ श्रीमंतांचा छंद आहे असे म्हणून तो झटकून टाकू नये. बर्ट रूटान या अमेरिकन अभियंत्याने हौशी लोकांसाठी विमानांचे आराखडे काढून विकले. त्यानेच रचलेले ‘व्हॉयेजर’ हे विमान डिसेंबर १९८६ मध्ये वाटेत कुठेही न उतरता आणि इंधन न घेता पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आले. त्याच्याच ‘लाँग-ईझी’ या विमानाच्या आधारे बंगलोरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने एक संशोधन विमान तयार केले आणि ते १९८७ साली उडाले. हौशी माणसांना वाव दिला तर ज्ञानात भर पडते, याला यापेक्षा चांगला पुरावा कोणता?

ज्ञान एका डोक्यात

मग मोडलेल्या विमानाबाबत एवढी काळजी कशासाठी? कारखान्यातले विमान आणि हौशी विमान यांत एक मोठा फरक आहे. कारखाना एकाच नमुन्याची शेकडो विमाने बनवतो. प्रत्येक भागाला क्रमांक असतो, दुरुस्तीचे पुस्तक असते, आणि एका विमानात दोष निघाला तर बाकीच्या सर्वांना कळवले जाते. हौशी विमान मात्र एकुलते एक असते. नकाशा तोच असला तरी एकाने नळी इकडून नेलेली असते, तर दुसऱ्याने तिकडून. कुठे काय बदलले आणि का बदलले, हे बहुधा बांधणाऱ्याच्या डोक्यात असते. विमान विकले गेले की लाकूड-लोखंड नव्या मालकाकडे जाते. ते ज्ञान जुन्याकडेच राहते.

याची किती मोठी किंमत मोजावी लागते हे एका घटनेवरून कळेल. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी जॉन डेन्व्हर हे प्रसिद्ध अमेरिकन गायक कॅलिफोर्नियात समुद्रकिनाऱ्याजवळ विमान कोसळून मरण पावले. विमान ‘लाँग-ईझी’ होते. ते त्यांनी स्वतः बांधलेले नव्हते, नुकतेच विकत घेतलेले होते. डेन्व्हर नवशिके नव्हते. त्यांना हजारो तासांच्या उड्डाणाचा अनुभव होता. या विमानात इंधनाच्या दोन टाक्या असतात आणि कोणत्या टाकीतून इंधन घ्यायचे ते एका तोटीने ठरवायचे असते. मूळ नकाशात ही तोटी वैमानिकाच्या पुढ्यात, सहज हाताला येईल अशी होती. बांधणाऱ्याने ती वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. कोणती बाजू कोणत्या टाकीची, याची खूणही तिच्यावर नव्हती. तपासणी मंडळाने काढलेला निष्कर्ष असा: तोटी फिरवण्यासाठी मागे वळताना वैमानिकाचे लक्ष विचलित झाले, नकळत त्याच्या पायाने सुकाणूचा उजवा पायटा दाबला गेला आणि विमान ताब्यातून गेले. तोटीची अवघड जागा, खुणा नसलेले इंधनमापक, उड्डाणापूर्वी इंधनाची नीट न झालेली तपासणी आणि त्या विमानाची अपुरी ओळख या गोष्टी त्याला कारणीभूत ठरल्या.

हे विमान तर मोडलेलेही नव्हते. धडधाकट विमानाबाबत जर असे होते, तर ज्याचा निम्मा सांगाडा चेचला आहे आणि ज्याची वही हरवली आहे अशा विमानाबाबत काय म्हणावे?

धातू विसरत नाही

दुसरे कारण पदार्थविज्ञानाचे आहे. एक साधा प्रयोग करा. ॲल्युमिनियमची जाडसर तार घेऊन ती काटकोनात वाकवा आणि पुन्हा सरळ करा. तार सरळ दिसेल, पण वाकवलेली जागा आता कडक झालेली असते. हाच खेळ पुन्हापुन्हा करा. तार तिथेच तुटेल. वाकवताना धातूच्या स्फटिकांची रचना बदलते आणि आणखी वाकण्याची त्याची ताकद कमी होते. विमानाचा पोचा आलेला पत्रा हातोडीने ठोकून सपाट केला, वर रंग दिला, तर डोळ्यांना तो नवा दिसेल. पण आपण कुठे वाकलो होतो हे धातू विसरलेला नसतो. रिव्हेटच्या भोकाच्या कडेला केसाएवढी चीर पडलेली असली तर प्रत्येक उड्डाणात ती थोडीथोडी वाढत जाते. आग लागून गेलेली असेल तर आणखीच वाईट. विमानाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूला विशिष्ट तापमान देऊन बळकट केलेले असते. भलत्याच उष्णतेने ते बळ निघून जाते आणि पत्रा मात्र जागच्या जागी दिसतो.

‘लाँग-ईझी’सारखी विमाने फेसाळ प्लॅस्टिकच्या गाभ्यावर काचतंतूचे कापड आणि रेझिन चढवून बनवतात. धक्का बसल्यावर वरचा थर आतल्या गाभ्यापासून सुटू शकतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. त्यासाठी कारागीर नाण्याने हलकेच ठोकत जातात. जिथे टणक आवाजाऐवजी बद्द आवाज येतो, तिथे थर सुटला आहे असे समजावे. बाजारात मडके घेताना आजी ते बोटाने वाजवून पाहते, त्यामागचे विज्ञान हेच. पोलादी नळ्या आतून गंजतात. लाकडी पंखातील डिंकाचे सांधे ओलीने सुटतात. आणि जमिनीवर आपटताना प्रोपेलर फिरत असेल, तर तो एकदम थांबल्याचा हिसका इंजिनाच्या मुख्य दांड्याला बसतो; अशा वेळी इंजिन पूर्ण उघडून तपासण्यावाचून गत्यंतर नसते.

पाच किलोंचा हिशेब

समजा, प्रत्येक भाग तपासून झाला. तरी विमान पूर्वीचेच राहिले असे नाही. दुरुस्तीत वजन वाढते, आणि ते कुठे वाढले याला फार महत्त्व असते. एक काल्पनिक उदाहरण सोडवू या. विमानाच्या तीन चाकांखाली तीन वजनकाटे ठेवले. मागच्या दोन चाकांवर प्रत्येकी १६० किलो आणि नाकाखालच्या चाकावर ८० किलो वजन आले. एकूण ४०० किलो. नाकापुढच्या एका ठरावीक बिंदूपासून मागची चाके ३ मीटरवर आणि पुढचे चाक १.५ मीटरवर आहे. वजन गुणिले अंतर म्हणजे परिबल.

मागची चाके: ३२० × ३ = ९६०
पुढचे चाक: ८० × १.५ = १२०
एकूण परिबल: १०८०

१०८० भागिले ४०० म्हणजे २.७० मीटर. विमानाचा गुरुत्वमध्य इथे आहे. आता शेपटीच्या दुरुस्तीत भरणा आणि रंग मिळून अवघे ५ किलो वाढले आणि शेपूट ६ मीटरवर आहे, असे धरा. परिबल ३० ने वाढून १११० झाले, वजन ४०५ किलो झाले. भागाकार येतो सुमारे २.७४ मीटर. म्हणजे ५ किलोंनी गुरुत्वमध्य ४ सेंटिमीटर मागे सरकला. अशा विमानात गुरुत्वमध्याला पुढेमागे सरकायला जर २० सेंटिमीटरांचीच मुभा असेल, तर तिचा पाचवा हिस्सा एका दुरुस्तीतच संपला. गुरुत्वमध्य मर्यादेच्या मागे गेला की विमान डोलू लागते, वैमानिकाचे ऐकेनासे होते.

पंखांच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणाऱ्या फळ्यांचे तर याहून नाजूक असते. त्यांचा तोल बिजागरीभोवती नेमका साधलेला असतो. रंगाचा एक जाड थर वाढला तरी तो बिघडू शकतो, आणि वेगात ती फळी वाऱ्यातल्या पताकेसारखी फडफडू लागली तर पंख मोडायला काही सेकंद पुरतात. म्हणूनच मी म्हणतो की दुरुस्त झालेले विमान हे नवे विमान आहे. जुन्या विमानाने शंभर तास सुखरूप उड्डाण केले होते, हा पुरावा या विमानाच्या कामाचा नाही.

नोंदणी म्हणजे नुसता शिक्का नव्हे

आता कागदपत्रांकडे वळू. हौशी मंडळींचा खरा वैताग इथेच असतो. हात काळे करून काम करणाऱ्याला कचेरीतल्या फायली नकोशा वाटतात हे समजण्यासारखे आहे. पण नोंदणी कशासाठी असते ते पाहा.

१९४४ साली शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्रत्येक विमानाला राष्ट्रीयत्व असते. ज्या देशात त्याची नोंदणी त्या देशाचे ते विमान. एकाच वेळी दोन देशांत त्याची वैध नोंदणी होऊ शकत नाही. भारतीय विमानांवरची ‘व्हीटी’ ही अक्षरे तुम्ही पाहिली असतील, ती याचीच खूण. विमान नष्ट झाले की मालकाने तसे कळवायचे आणि नोंद रद्द व्हायची. म्हणून भंगारातले विमान घेणाऱ्याला पहिल्या मालकापासून आपल्यापर्यंतच्या प्रत्येक विक्रीचा कागद दाखवावा लागतो. एक दुवा निसटला तरी साखळी तुटते.

नोंदणी सांगते की हे विमान कोणते आणि कोणाचे. ते उडण्यास योग्य आहे की नाही, हे वेगळा दाखला सांगतो. जन्माचा दाखला आणि डॉक्टरांचा दाखला यांत जो फरक, तोच इथे. पहिला असला म्हणून दुसरा आपोआप मिळत नाही.

येथे एक मोह उभा राहतो. प्रत्येक विमानावर बांधणाऱ्याचे नाव, नमुना आणि अनुक्रमांक कोरलेली धातूची पट्टी असते. समजा, एकाने मोडक्या विमानाची ती पट्टी तेवढी ठेवली आणि बाकी सारे विमान नवे बांधून तिला चिकटवले. जुन्या नोंदीवर नवे विमान उडाले, तपासणीचा त्रास वाचला! याच्या उलटही घडू शकते: दुसऱ्याने बांधलेले विमान नुसते डागडुजी करून ‘मीच बांधले’ म्हणून दाखवायचे. अमेरिकेत मूळ बांधणाऱ्याला आपल्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचा दाखला मिळू शकतो. विकत घेणाऱ्याला तो मिळत नाही. दुरुस्ती मात्र तो स्वतः करू शकतो. तेव्हा ‘मीच बांधले’ म्हणण्यात फायदाही असतो. पण ठिगळे लावलेली गोधडी जिची तिचीच राहते. या दोन्ही लबाड्यांत फसवणूक केवळ सरकारची होत नाही. उद्या जो माणूस ते विमान विकत घेईल, त्याला आपण चुकीचा इतिहास हवाली करतो. डेन्व्हर यांच्या बाबतीत एका तोटीची माहिती अपुरी होती. इथे तर सगळ्या विमानाचीच खोटी!

माझे म्हणणे

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये हौशी विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथील खासगी व लहान विमानांत हौशी विमाने सुमारे १० टक्के होती. पण २०११ मधल्या अपघातांत त्यांचा वाटा सुमारे १५ टक्के आणि प्राणघातक अपघातांत २१ टक्के होता. त्या वर्षी तपासलेल्या हौशी विमानांच्या अपघातांपैकी निम्म्याहून अधिक विमाने चालवणाऱ्याने स्वतः बांधलेली नव्हती, विकत घेतलेली होती. हे आकडे हौशी विमाने बंद करा असे सांगत नाहीत. धोका कुठे दडला आहे ते सांगतात: जिथे विमान हातात आले पण त्याची माहिती आली नाही, तिथे.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, मोडलेल्या हौशी विमानाबरोबर बांधणाऱ्याची वही, नकाशे आणि केलेले बदल यांची नोंद नव्या मालकाला दिलीच पाहिजे. ती नसेल तर प्रत्येक सांधा उघडून पाहावा. दुसरी, नव्या हौशी विमानाला अमेरिकेत वस्तीपासून दूर, प्रवासी न घेता सामान्यतः २५ किंवा ४० तास उडून चाचणी द्यावी लागते. तशीच पूर्ण चाचणी मोठी मोडतोड झालेल्या विमानालाही लागू करावी. तिसरी, पट्टीवर मूळ बांधणाऱ्याचे नाव राहू द्यावे आणि खाली पुन्हा उभारणाऱ्याचेही यावे. त्याच्या कष्टांचे श्रेय त्याला मिळावे, म्हणजे खोटे बोलण्याचा मोहच उरणार नाही.

यावर आक्षेप येईल की इतके नियम केले तर हौस मरून जाईल. यात तथ्य आहे. नियम संदिग्ध असले आणि उत्तराला वर्षानुवर्षे लागली तर हौस नक्कीच मरते. म्हणून कचेरीवरही बंधन हवे: काय तपासणार ते आधी लिहून द्यावे आणि ठरलेल्या मुदतीत हो किंवा नाही सांगावे. पण नियमच नकोत असे म्हणणाऱ्यांनी फ्रान्सच्या आंरी मिन्ये याचे ‘उडती पिसू’ हे विमान आठवावे. १९३० नंतरच्या दशकात ते स्वस्त आणि सोपे म्हणून युरोपात शेकडो लोकांनी बांधले. काही विमाने सूर मारून खाली गेली ती वर आलीच नाहीत, माणसे मेली. पूर्ण आकाराचे विमान वातविवरात ठेवून तपासले तेव्हा पुढच्या आणि मागच्या पंखांच्या रचनेतला दोष सापडला. तोवर लोकांचा विश्वास उडाला होता आणि ब्रिटनमध्ये त्याच्या उड्डाणांवर बंदी आली होती. हौस मारली ती नियमांनी नव्हे, तपासणी न करण्याने.

मित्रांनो, तुमच्यापैकी फार थोडे जण विमान बांधतील. पण जुनी सायकल, बिघडलेला रेडिओ किंवा पंखा तुम्ही नक्की उघडाल. तेव्हा एक वही जवळ ठेवा. काय मोडलेले आढळले, काय बदलले, का बदलले, हे तारीख घालून लिहा. राइट बंधूंनी १९०१ साली आपल्या सायकलच्या दुकानात वातविवर तयार करून पंखांचे निरनिराळे आकार तपासले आणि आकडे नोंदवून ठेवले. वाऱ्याच्या एका झोताने त्यांचे विमान मोडले, पण त्या नोंदींच्या बळावर पुढचे विमान त्यांनी अधिक चांगले बांधले. तुमची सायकल उद्या दुसऱ्या कुणाकडे जाईल, तेव्हा तिच्याबरोबर ती वहीही द्या.